छायाचित्रांतील मातीची खाण व जुनी विहीर

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरविण्याचें ठरलें, तेव्हां घरोघरच्या पेट्या व फडताळें उघडलीं गेलीं आणि पुष्कळ प्रार्थनापुस्तकें, जपमाळा, पत्रें व छायाचित्रें कार्यकारी मंडळाकडे आलीं. त्यांपैकीं एका छायाचित्राविषयीं हा लेख आहे. त्यांत कोणी धर्मगुरु नाहींत, देऊळ नाहीं, वधूवरही नाहींत. एक मोठा खणलेला खड्डा, त्यांत राबणारीं माणसें, आणि मागें लांकडी सांगाड्यावर चढविलेलें एक मोठें चाक, एवढेंच त्यांत दिसतें. पाठीवर फिकट शाईनें "मातीची खाण व जुनी विहीर" इतकेच शब्द लिहिलेले आहेत. स्थळ नाहीं, साल नाहीं, कोणाचें नांव नाहीं.

जें चित्र आपण होऊन बोलत नाहीं, त्याच्या वतीनें लोक बोलूं लागतात. देवळाच्या मागील अंगास जी सखल जमीन आहे व जीत पावसाळ्यांत गुडघाभर पाणी सांचतें, तीच ही खाण, आणि विहीर त्या खळग्याच्या मधोमध बुजून गेली आहे, असें आमच्यांतील वृद्ध मंडळी लहानपणापासून ऐकत आली आहेत. पहिल्या इमारतीच्या विटा याच मातीच्या, असेंही कोणी सांगतात. आजवर या समजुतीनें कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें. उलट मुलांस पाण्यापासून दूर ठेवण्याच्या कामीं ती आयांस उपयोगीच पडली. परंतु महोत्सवाचें स्मारक म्हणून त्याच जागेवर सभागृह बांधावें असा विचार निघाला आणि लागलेच दोन पक्ष झाले. खालीं पोकळ विहीर असतां वर पाया घालणें म्हणजे देवाची परीक्षा पाहणें होय, असें एका पक्षाचें म्हणणें. ऐकीव गोष्टींनीं एवढें चांगलें काम अडवूं नये, असें दुसऱ्याचें. दोघांच्याही हातीं पुरावा म्हणून एकच वस्तु, ती म्हणजे हें छायाचित्र. तेव्हां तें कोठलें आहे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं. त्याचा आम्हीं जो तपास केला, तो वाचकांपुढें ठेवितों.

जुन्या चित्राच्या तपासांत पहिला नियम असा, कीं त्याच्याविषयींची गोष्ट बाजूस ठेवून चित्रच पाहावें. आमच्या चित्राचा कागद पातळ असून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला आहे. त्याचा रंग तपकिरी, आणि उजेडाचे भाग पिवळट पडलेले. अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा लेप देऊन केलेल्या कागदाचीं हीं लक्षणें आहेत. असा कागद फ्रान्सांत १८५० मध्यें निघाला व त्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत जगभर चालला. पुढें जिलेटिनच्या कागदानें त्यास मागें टाकलें. म्हणजे चित्र १९०० च्या अलीकडचें असण्याचा संभव थोडा.

पुढच्या भागांत खड्ड्याची कड तीन पायऱ्यांनीं खालीं उतरते. वरची पायरी गडद, खालच्या दोन फिकट. गडद थरांत वरून खालपर्यंत रुंद उभ्या भेगा पडल्या आहेत. आठ बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चढणीला लागल्या आहेत. त्यांच्या मागें दोन मुलें, एकाच्या डोक्यावर लहान टोपली. खालीं पांच पुरुष कुदळी टेकून छायाचित्रकाराकडे पाहत उभे आहेत. डावीकडे विटांच्या दोन राशी, एक काळपट व दुसरी जवळजवळ पांढरी. मागें चार खांबांचा लांकडी मनोरा. त्याच्या माथ्यावर दोर फिरविण्याचें चाक, व दोर जेथें उतरतो तेथें एक पडवी आणि उंच धुरांडें. धुरांड्यांतून धूर निघत नाहीं. उजव्या कडेस मालगाडीचे दोन डबे आहेत, त्यांतला एक अर्धाच चित्रांत आला आहे. दूरवर दोन निष्पर्ण झाडें. माड किंवा ताड एकही नाहीं.

आतां रंगांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण यांतच पुष्कळांची फसगत होते. आमच्या येथील एका सद्गृहस्थांनीं गडद थराकडे बोट दाखवून, "हा आपला काळा कातळ," असें सांगितलें, व तें ऐकणाऱ्यांस पटलेंही. परंतु त्या काळच्या कांचेवरील रसायनांस निळा प्रकाश फार लौकर लागे, आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळें निळें आकाश कागदावर पांढरें उतरे आणि तांबडी वस्तु काळी. तांबडी वीट, तांबडा मुरूम, काळी माती व काळा दगड हीं चारही त्या चित्रांत सारखींच गडद दिसावयाचीं. सर्व रंगांस जागणाऱ्या कांचा बाजारांत आल्या त्या १९०६ च्या सुमारास. म्हणून अशा चित्रांत रंगावर विसंबूं नये, पोतावर विसंबावें. कातळ फुटतो तो कोनदार. मुरूम ढांसळतो तो दाणेदार. उन्हाळ्यांत सुकून वरून खालपर्यंत उभी चिरत जाते ती एकच जमीन, कापसाची काळी जमीन. आणि विटांच्या दोन राशींचा अर्थही याच न्यायानें लागतो. काळपट दिसते ती रास साध्या तांबड्या विटांची. पांढरट दिसते ती फिकट, बदामी विटांची. अशी वीट साध्या शेतमातीची होत नाहीं. तिला भट्टीचा दाह सोसणारी निराळी माती लागते; वाफेच्या यंत्रांचीं व धातु वितळविण्याचीं भट्टीघरें आंतून तिनेंच मढवितात.

एवढें पाहून झाल्यावर आमच्या पनवेलकडे वळूं. येथील भूमि कोणत्या घडणीची आहे हें भूगर्भवेत्त्यांनीं चांगलें तपासलेलें आहे; इतकेंच नव्हे, तर आमच्या गांवाचें नांव त्यांच्या ग्रंथांतून जगभर गेलेलें आहे. दक्षिणेंतील काळ्या कातळाचे थर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्यापासून झाले. घाटावर ते बहुतेक आडवे आहेत. कोंकणपट्टींत मात्र एका लांब रेषेवर ते समुद्राकडे वांकून उतरतात. त्या वांकास ऑडन नांवाच्या भूगर्भवेत्त्यानें १९४९ मध्यें पनवेलचें नांव दिलें, आणि तेंच आजही चालतें. प्रबळगडाच्या कड्यांचे पट्टे पाहावे आणि मग खाडीकडील टेकड्यांचा उतार पाहावा, म्हणजे ही गोष्ट ग्रंथावांचूनही ध्यानांत येते.

आतां या कातळांत खाण कशाची निघणार? दगडाची निघेल, आणि ती पुष्कळ निघालीही आहे. कोळसा निघणार नाहीं. कोळशाचे थर या कातळाहून कितीतरी पटींनीं जुने. ते असलेच तर त्याच्या खालीं असावयाचे, आणि कोंकणांत कातळाची जाडी शेंकडों मीटर आहे. कोयनेच्या भागांत भूकंपाच्या अभ्यासासाठीं या शतकाच्या दुसऱ्या दशकांत खोल भोंकें पाडलीं, तेव्हां कातळ संपतांच खालीं एकदम ग्रॅनाइट लागला. मध्यें कोळशाचे थर आढळलेच नाहींत. तेव्हां वाफेचें यंत्र लावून उभी खाण खणावी असें द्रव्य पनवेलच्या आसपास पूर्वींही नव्हतें आणि आजही नाहीं.

माती मात्र आहे, आणि तिच्या विटाही होतात. परंतु त्या खाणीची तऱ्हा निराळी. भातखाचरांतील व नदीकांठचा गाळ उन्हाळ्यांत उकरून विटा पाडतात, आणि भाताचें तूस व कोळशाची भुकटी घालून भट्टी लावितात. गाळाचा थर जाड नसतो. हातभर, दोन हात, कोठें पुरुषभर उकरलें कीं मुरूम लागतो आणि मुरुमाखालीं कातळ. म्हणून आमच्याकडील मातीच्या जागा पसरट व उथळ असतात. पहिल्या पावसांत त्यांचीं तळीं होतात व दोनचार वर्षांनीं पुन्हां खाचरें. तीन पायऱ्यांनीं उतरणारा मातीचा कडा येथें कोणी दाखवील तर आम्ही तो पाहावयास अवश्य जाऊं.

विहिरीचेंही तसेंच. आमच्याकडील विहीर रुंद तोंडाची. तीवर रहाट असतो व तिला कठडा असतो. पाणी काढण्यासाठीं चार खांबांचा मनोरा, धुरांडें व पडवी उभारण्याचें कांहींच कारण नाहीं. चित्रांतील विहीर पाण्याची नाहींच. माणसें व माल खालींवर नेण्याची ती खाणीची विहीर आहे.

आणि हें सारें एक वेळ बाजूस ठेविलें, तरी ते मालगाडीचे डबे बाजूस ठेवितां येत नाहींत. पनवेलचा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हांपासून मुंबईहून होडीनें पनवेल बंदरांत उतरावें व पुढें खुष्कीनें पुण्यास जावें असा राजरोस मार्ग झाला. १८५२ मध्यें येथें नगरपालिका स्थापन झाली; गाड्यांच्या चाकांसाठीं गांव प्रसिद्ध होतें. पुढें १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी गेली, ती कल्याण व कर्जत या वाटेनें. आणि पनवेल बाजूस राहिलें. आमच्या गांवास आगगाडी मिळाली ती स्वराज्यानंतर, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत. अंड्याच्या बलकाच्या कागदावर छापलेल्या चित्रांत पनवेलच्या मातीशेजारीं मालडबे उभे राहणें म्हणजे पणजोबांच्या लग्नांत नातवानें अक्षता टाकण्यासारखें आहे.

तेव्हां चित्र पनवेलचें नव्हे, हें ठरलें. मग कोठलें? या प्रश्नास कांहीं मंडळींनीं आपापल्या आठवणींप्रमाणें उत्तरें दिलीं, आणि तीं सर्व विचारार्ह होतीं. एकांनीं म्हैसूर संस्थानांतील कोलारच्या सोनखाणींचें नांव घेतलें. तेथें दक्षिणेकडील ख्रिस्ती कामकरी मोठ्या संख्येनें होते, व त्या खाणी २००१ मध्यें बंद होईपर्यंत कित्येक कुटुंबांच्या चारचार पिढ्या तेथें गेल्या. परंतु कोलारचा मुलूख तांबड्या मातीचा व गोट्यांच्या टेकड्यांचा. भेगाळलेली काळी जमीन तेथील नव्हे. दुसऱ्यांनीं गोमंतक सुचविला. गोव्यांतील लोखंडी दगडाची परदेशीं मोठी रवानगी सुरू झाली ती १९४० नंतर, आणि ते डोंगर वरून उघडे करून खोदतात. सिंधुदुर्गांत पांढरी चिनी माती निघते, पण तीही उघड्या खड्ड्यांतून. रामटेकजवळच्या मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाल्या व पहिल्यानें वरच्यावरच खणल्या गेल्या. यांपैकीं कोठेंही उभी विहीर, फिकट विटा व आगगाडी या तिन्ही गोष्टी एके ठिकाणीं येत नाहींत.

खरा प्रतिस्पर्धी एकच, बंगालमधील राणीगंज. तेथें कोळशाच्या विहिरी होत्या, आगगाडी फार लवकर पोंचली होती, आणि भट्टीच्या मातीचा बर्न कंपनीचा मोठा कारखानाही होता. चित्रांतल्या सर्व निर्जीव वस्तु राणीगंजास शोभतात. परंतु त्या आठ बायकांनीं राणीगंजच्या विरुद्ध साक्ष दिली. आम्हीं भिंगाखालीं पाहिलें तों त्या आठही जणींचीं लुगडीं कासोटा घातलेलीं आहेत. बंगालकडील कामकरी स्त्री कासोटा घालीत नाहीं. महाराष्ट्रांतील व वऱ्हाड-नागपुराकडील घालीत असे. ज्या वेषामुळें हें चित्र पनवेलचें असें आमच्या लोकांस इतकीं वर्षें वाटलें, त्याच वेषानें तें मराठी मुलुखाबाहेर जाऊं दिलें नाहीं.

कासोट्याचें लुगडें, कापसाची काळी जमीन, कोळशाची उभी विहीर, भट्टीच्या मातीच्या विटा, आणि १९०० पूर्वींची आगगाडी : या पांचही खुणा जेथें एकत्र मिळतात असें ठिकाण म्हणजे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांतील वरोरा. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाची पाहणी सरकारी भूगर्भखात्याच्या ह्यूज यांनीं केली व तिचा मोठा वृत्तांत १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत केवळ कोळशासाठीं सरकारनें रुंद रुळांचा आगगाडीचा फांटा घातला. त्याचें नांवच वर्धा कोळसा सरकारी रेल्वे असें होतें, आणि पुढें तो जी. आय. पी. कंपनीकडे चालविण्यास गेला. वरोऱ्याची खाण सरकारच चालवीत असे. कोळशाच्या सोबतीनें निघणाऱ्या भट्टीच्या मातीच्या विटा व कौलेंही तेथें होत. जवळचे घुगुस व बल्लारपूर हीं गांवेंही कोळशाचीं खरीं. परंतु त्या काळीं फांटा वरोऱ्यास येऊन संपत असे, आणि चित्रांतले डबे रुंद रुळांवर उभे आहेत.

वरोऱ्याच्या खाणीचा शेवट चांगला झाला नाहीं. तेथील कोळशांत पाण्याचा अंश फार. असा कोळसा उघडा पडून हवा लागली कीं आंतल्या आंत तापतो व आपोआप पेटतो. मोकळ्या केलेल्या पोकळ्या खचत, आगी लागत, आणि आगीचा भाग भिंती घालून कोंडून टाकावा लागे. १९०६ मध्यें सरकारनें ती खाण बंद केली व आपलें लक्ष बल्लारपुराकडे वळविलें. खाण जिवंत असतांही तिच्या सर्व विहिरी एकाच वेळीं चालत नाहींत. एक संपली कीं दुसरी खणतात व पहिली वाऱ्यासाठीं किंवा पाणी उपसण्यासाठीं ठेवितात, नाहीं तर सोडून देतात. म्हणून धुरांड्यास धूर नाहीं, आणि म्हणूनच लिहिणारानें "जुनी विहीर" असें लिहिलें असावें. पुढें त्याच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें, त्यामुळें गांवाचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें. कोळशाचें वरोरा लोक विसरून गेले.

हें चित्र पनवेलला कसें आलें, याचें उत्तर ज्या कुटुंबानें तें दिलें त्याच्याच बोलण्यांत आहे. त्यांचे पूर्वज आगगाडीच्या नोकरीस होते व बदल्यांवर बदल्या होत नागपुराकडेही राहिले होते, एवढें त्या घरीं सांगतात. आगगाडीनें मुंबई व साष्टीकडील ख्रिस्ती कारकून, फिटर, गवंडी व स्टेशनमास्तर कोठल्या कोठें नेऊन सोडले, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नोकरीवरून परत येतांना माणूस भांडीं आणतो तसें एखादें चित्रही आणतो. आणणारा गेला म्हणजे भांडीं वापरांत राहतात, चित्राचें स्थळ मात्र कोणास उरत नाहीं.

येथवरचें काम आम्हांस कोडें सोडविल्यासारखें आनंदाचें वाटलें. परंतु भिंगाखालीं त्या आठ बायका व दोन मुलें पाहिल्यानंतर दुसराच विचार मनांत घर करून बसला, आणि या स्मरणिकेंत तो न मांडणें योग्य होणार नाहीं.

चित्र काढणारानें मनोरा मधोमध घेतला आहे. माणसें त्याच्या प्रमाणासाठीं उभीं केलेलीं दिसतात. त्यांपैकीं कोणाचेंही नांव पाठीवर नाहीं. अशा बायकांच्या व मुलांच्या बाजूनें तेव्हां कायदा जवळजवळ नव्हता. हिंदुस्थानांतला पहिला खाणींचा कायदा १९०१ मध्यें झाला. लहान मुलांस खाणींत उतरविण्यास पुरती मनाई करणारा कायदा १९२३ चा. स्त्रियांस भुयारांतून बाहेर काढण्याचे नियम १९२९ मध्यें निघाले, आणि तेही दहा वर्षांच्या मुदतीनें, टप्प्याटप्प्यानें. १९३७ मध्यें मनाई पुरी झाली, तों महायुद्धांत कोळसा पाहिजे म्हणून १९४३ मध्यें ती पुन्हां उठविली व १९४६ मध्यें परत बसविली. म्हणजे वरोऱ्याची खाण चालू होती त्या सर्व काळांत बाईनें विहिरींत उतरूं नये असें सरकारनें म्हटलेलें नव्हतें.

ख्रिस्तसभेनें मात्र कायद्याआधींच याविषयीं शब्द काढला होता, ही गोष्ट आमच्या लोकांस पुरेशी ठाऊक नाहीं. पोप तेरावे लिओ यांनीं १५ मे १८९१ रोजीं कामकऱ्यांच्या स्थितीविषयीं जें परिपत्रक काढलें, त्यांत योग्य मजुरी, विश्रांति व संघ करण्याचा हक्क यांचें विवेचन आहे, हें आमचे धर्मगुरु प्रवचनांतून सांगतातच. पण त्याच परिपत्रकांत खाणींत व दगडमातीच्या खड्ड्यांत काम करणारांचा निराळा उल्लेख आहे. कोळसा, दगड व धातु जमिनीच्या पोटांतून काढणारांचे श्रम अधिक कठीण व प्रकृतीस अधिक घातक असल्यामुळें, त्या मानानें त्यांचे कामाचे तास कमी असावेत, असें पोप महाराज स्पष्ट म्हणतात. आणि बळकट पुरुषास जें काम झेपतें तें स्त्रीवर किंवा मुलावर लादूं नये, असेंही. आमचें चित्र काढलें जात होतें त्याच पिढींतले हे शब्द आहेत. ते वरोऱ्याच्या त्या चढणीपर्यंत पोंचले नाहींत.

आणि आम्ही वरोऱ्याचें नांव घेऊन पनवेलला मोकळें करूं इच्छीत नाहीं. आमच्या तालुक्यांत व शेजारच्या कर्जत, पेण भागांत दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर विझतात. तेवढे महिने कातकरी कुटुंबें बिऱ्हाड घेऊन मातीच्या कडेस राहतात. हंगामाआधीं उचल घ्यावी व हंगामभर ती फेडावी, हा क्रम तेथें पुष्कळ ठिकाणीं चालत आला आहे. मुलें आईबापांबरोबर येतात व शाळा मागें राहते. १९५२ च्या खाण-कायद्यानेंही साध्या मातीचे वीस फुटांच्या आंतील खड्डे, जेथें सुरुंग नाहीं व पन्नासांहून अधिक माणसें नाहींत ते, आपल्या बहुतेक कलमांतून वगळले होते. मनोरा व चाक असलेल्या विहिरीवर कायद्याची दृष्टि गेली. टोपलीच्या चढणीवर फारशी गेली नाहीं. हें चित्र आमच्या प्रदर्शनांत पनवेलचें म्हणून लागणार नाहीं, पण तें पाहतांना पनवेलच्या माणसास तें परकें वाटावें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां सभागृहाचा प्रश्न. चित्र परक्या गांवचें ठरल्यामुळें एक पक्ष जिंकला असें त्या पक्षाच्या मंडळींनीं समजूं नये. देवळामागें कोळशाची विहीर नाहीं, एवढेंच सिद्ध झालें. तो खळगा विटांसाठीं माती काढल्यानें झाला असावा, हें त्याच्या पसरट आकारावरून संभवतें. आणि जेथें विटा पाडतात तेथें माती भिजविण्यास पाणी लागतें, म्हणून जवळ एखादी कच्ची विहीर खणण्याची वहिवाटही जुनीच आहे. अशी विहीर पालापाचोळ्यानें व राबिटानें बुजविली असेल, तर वरून घट्ट दिसणारी जमीन पायाच्या भारानें बसते. वृद्धांची गोष्ट चित्रावरून खोटी ठरली, तरी तिच्या पोटांत खरा कण असूं शकतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रथम त्या जागेचा जुना गांवनकाशा व मोजणीचें टिपण भूमि-अभिलेख कार्यालयांतून काढून पाहावें. विहीर असल्यास जुन्या मोजणीदारांनीं ती बहुधा दाखविलेली असते, कारण तिच्यावरून जमिनीचा आकार बदले. नंतर माघ-फाल्गुनांत, खळगा पूर्ण सुकला म्हणजे, दर दहा पावलांवर लोखंडी पहार ठोकून पाहावी. मुरूम लागला तर पहार थांबते व खणकन् आवाज येतो. भराव असेल तर ती निमूट आंत जाते. संशयाच्या जागीं आडवा चर खणावा, आणि सर्व मजकूर लेखी लिहून इमारतीच्या इंजिनियरांच्या हातीं द्यावा. हें काम धर्मग्रामांतील तरुणांनीं चार रविवारांत, मिस्सा झाल्यावर करण्यासारखें आहे. त्यांत वृद्धांस खुर्च्या टाकून बसवावें, म्हणजे विहीर कोठें होती हें दाखविण्याचा त्यांचा अधिकार त्यांस मिळेल, आणि जागा चुकली तर तेथल्या तेथें सर्वांस कळेल.

छायाचित्र प्रदर्शनांत ठेवावयाचेंच आहे. त्याखालीं लावण्यासाठीं आम्हीं पुढील मजकूर लिहून दिला आहे : "मातीची खाण व कोळशाच्या खाणीची जुनी विहीर. खुणांवरून वरोरा, जिल्हा चांदा. काळ सुमारें १८८० ते १९००. चित्रांत पांच पुरुष, आठ स्त्रिया व दोन मुलें आहेत." शेवटचें वाक्य गाळावें, जागा पुरत नाहीं, असें एका सभासदांचें मत पडलें. आम्हीं अक्षर बारीक करून तें ठेविलें आहे.

ज्यांच्या घरीं अशीं बिननांवाचीं चित्रें आहेत, त्यांनीं तीं प्रदर्शनाच्या आठ दिवस आधीं आणून द्यावीं, आणि घरांतील सर्वांत वडील माणसास जें आठवत असेल तें पाठीवर हलक्या हातानें लिहून आणावें. मात्र तें शिसपेन्सिलीनें लिहावें. शाई कागदांतून पुढें फुटते.